जास्त म्हणजे बेरीज

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून भिंगरीच्या गणिताचं खातं माझ्याकडे. भिंगरी म्हणजे आमची कन्या, चौथीत. पुढच्या शुक्रवारी शाब्दिक उदाहरणांची चाचणी. वीसपैकी पंधरा पडले नाहीत तर शाळा सुटल्यावर जादा वर्ग, आणि नेमका त्याच वेळी रिलेचा सराव. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, जादा वर्ग तर रिले नाही. पोरीच्या घशाखाली घास उतरत नाहीये.
बायकोला म्हटलं, तू बाजूला हो. ऑफिसात सगळ्यांच्या पाळ्या मी लावतो, चौथीचं गणित म्हणजे माझ्या हातचा मळ. बायको म्हणाली, बरं. तिचं हे ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

५ फेब्रुवारी
रोगाचं निदान झालं. पोरगी उदाहरण वाचते आणि चित्रं काढते! ही आईची शिकवण. गणित आहे की चित्रकलेचा तास?
माझी पद्धत सोपी. कळीचा शब्द हेरायचा, त्याला गोल करायचा. जास्त म्हणजे बेरीज. उरले म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी म्हणजे गुणाकार. तक्ता केला, खाली ठळक लिहिलं: विचार करायचा नाही. लॅमिनेट करून बेसिनवरच्या आरशावर चिकटवला. दात घासता घासता पाठ.

७ फेब्रुवारी
पहाटे उठून शिकवणार होतो. अलार्म झालाच नाही. बायको म्हणते, तीनदा झाला. संध्याकाळी मान आखडली. उद्या नक्की.

९ फेब्रुवारी, शनिवार
आज नक्की.
लाल फुगे २४. ते निळ्या फुग्यांपेक्षा ६ ने जास्त. एकूण फुगे किती? जास्त दिसलं, बेरीज, निळे ३०. एकूण दिसलं, पुन्हा बेरीज, ५४. झालं! भिंगरी म्हणे, बाबा, मग निळेच जास्त झाले की. म्हटलं, मध्ये मध्ये बोलू नकोस.
पुस्तकाच्या मागे उत्तर ४२. नुसत्या पाट्या टाकतात लेकाचे! प्रकाशकाला खरमरीत मेल ठोकला.

१० फेब्रुवारी
कन्येने लाल फुग्यांची लांब पट्टी काढली, निळ्यांची आखूड. त्यातून म्हणे ४२ येतात. पट्ट्या सुबक आहेत, पण हट्टीपणा आईवर गेलाय. माझा आवाज चढला. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, बरं.
घ्या, आता हिचंही सुरू झालं.

१२ फेब्रुवारी
ऑफिसात साहेबांचा निरोप: दिवसपाळीला १८ जण, ते रात्रपाळीपेक्षा ६ ने जास्त. जास्त दिसलं, बेरीज केली. रात्रपाळीला इतकी गर्दी की बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. साहेबांना साधं वाक्य नीट लिहिता येऊ नये?

१३ फेब्रुवारी
प्रकाशकाचं उत्तर आलं. अतिशय नम्र. सोबत दोन पट्ट्या काढून पाठवल्यात. तिथेही हीच शिकवण दिसते.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
चाचणी झाली. फाटकातच विचारलं, बाबाची पद्धत वापरलीस ना? हो म्हणाली. ऊर भरून आला. दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. मी दोन खाल्ली, मेहनत माझी जास्त.

१८ फेब्रुवारी, सोमवार
सोळा! रिले पक्की! पोरगी घरभर नाचतेय. बायकोला म्हटलं, बघ, याला म्हणतात शिकवणं. ती म्हणाली, बरं, आणि पेपर माझ्या हातात दिला.
पाच उदाहरणं, प्रत्येकी चार मार्क. पहिल्या चारांत पट्ट्याच पट्ट्या, चारही बरोबर. पाचव्यात पट्टी नाही. ‘जास्त’ला नीट गोल केलेला, खाली ठसठशीत बेरीज. त्यावर लाल फुली.
भिंगरीला विचारलं, हे एकच असं का? तिने मला समजावून सांगितलं, अगदी हळू, मी चौथीत असल्यासारखं. आधी चार सोडवली. दोनदा तपासली. चार चोक सोळा, लागतात पंधरा, म्हणजे पाचवं चुकलं तरी चालतं. मग ते तुझ्या पद्धतीने केलं बाबा, तुला वाईट वाटू नये म्हणून.
आरशावरचा तक्ता काढायला गेलो. गोंद भलताच पक्का. वरचा भाग फाटून आला, खालचा काही केल्या निघेना. आता दाढी करताना समोर ‘विचार करायचा नाही’ आणि वर माझं तोंड.