निरगुडी पास झाली, आत्या

प्रिय आत्या,

आज माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध चाळत विचारलं, "निरगुडीचा पाला सावलीतच का वाळवला?" माझ्या तोंडून निघालं, "आत्यानं सांगितलं म्हणून." सगळे हसले. मीही हसले, आणि मग डोळेच भरून आले. खोलीवर येऊन थेट तुला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

पहिला प्रयोग फसला तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, विषयच बदल. मी रडत तुला वडीगोद्रीला फोन केला.

"उन्हात वाळवला व्हय गं?"

"हो."

"मंग कसा गुण येईल? समदा जीव उडून गेला की त्याचा! थांब, म्याच घेऊन येते."

आणि आठ दिवसांनी खरंच एसटीनं आलीस, जुन्या पातळात बांधलेलं पाल्याचं गाठोडं घेऊन! उंदराच्या पंजाला आधी सूज आणायची, मग अर्क पाजून ती किती उतरते ते मोजायचं, हे ऐकून तू कपाळावर हात मारलास. "आधी मुद्दाम सुजवायचं, मंग बरं करायचं? लई उलटं शिक्षण हाय बाई तुमचं!"

सूज उतरली, आत्या. सुजेची गोळी दिलेल्या उंदरांइतकी नाही, पण बऱ्यापैकी उतरली. मी फोनवर ओरडलेच, "तुझी निरगुडी पास झाली!" तू ते अख्ख्या गल्लीला सांगितलंस. जन्मभर लोकांच्या गुडघ्यांना पाला बांधलास, पण तुला पास कुणी केलं होतं?

त्या फोनवर एक गोष्ट सांगायची राहिली. सूज उतरवणं वेगळं, जखमेत शिरलेले जंतू मारणं वेगळं. मला माहीत होतं गं. आनंदात राहून गेलं.

नंतर तुझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय लाल झाला, ताप भरला, रक्तात साखर होतीच. उभ्या संसारात तुझ्या शब्दाबाहेर कधी न गेलेले मामासुद्धा दवाखान्यात चल म्हणत राहिले. तू चार दिवस पालाच बांधलास. "भाची शिकून राह्यली ना, ती म्हणली पास झालंय." जालन्याला आणलं तोवर उशीर झाला होता. तू गेलीस.

मला एक फोन का नाही केलास? उंदरासाठी जीव कळवळला तुझा, स्वतःच्या पायाची दया नाही आली? मी रागावलेय तुझ्यावर. त्याहून जास्त स्वतःवर. मामा म्हणतात, "तिनं कुणाचं ऐकलं व्हतं कधी? तू जिवाला लावून घेऊ नको." खरंही असेल. पण लागतंच ना!

लोक अजून पाल्यासाठी तुझ्या दारी येतात. रविवारी मी येतेय. गुडघा दुखत असेल, पाय मुरगळला असेल, तर तुझ्यासारखाच तव्यावर गरम करून पाला बांधीन. पण जखम असेल, ताप असेल, साखर असेल, तर दवाखान्यात पाठवीन. आणि कुणी ऐकलंच नाही, तर त्याला समोर बसवून तुझ्या पायाची गोष्ट सांगेन. तुला आवडणार नाही, माहीत आहे. तरी सांगेन.

तुझीच लाडकी,
सुनी