जबड्याचा आरसा

३ जून
आजपासून रुजू झाले. कार्यशाळा हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, खिडकी मोठी, चहा बरा. काम माझ्या हातचं. स्कॅनवरून रुग्णाचा जबडा प्लास्टिकमध्ये छापायचा, त्यावर धातूची पट्टी वाकवून द्यायची. मग पायाचं हाड कापून नवा जबडा जोडताना डॉक्टरांना अंदाजपंचे करावं लागत नाही. छापताना कर्करोगानं खाल्लेली बाजू टाकायची आणि चांगली बाजू उलटून तिच्या जागी बसवायची. याला इथे ‘आरसा’ म्हणतात. सतरा तारखेला माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन आहे. तिचा आरसा मीच करणार, म्हणून तर ही नोकरी धरली.

८ जून
मोठ्या डॉक्टरांनी माझे पहिले तिन्ही जबडे परत पाठवले. सोबत स्वतः सुधारलेल्या फायली. हनुवटी प्रत्येकीची जरा निमुळती. इथले जुने कारागीर, सगळ्यांचे काका, म्हणाले की मोठ्यांच्या कामाला नावं ठेवू नयेत. मी कुठे ठेवली? पण मनात पाल चुकचुकली.

११ जून
मापं घ्यायला वॉर्डात गेले. ऑपरेशन झालेल्या दोन बायका, ना नात्याच्या ना गोत्याच्या, आणि हनुवटी एकच. एकीचा नवरा म्हणाला, अर्धांगिनी अर्धी बदलून मिळाली. आम्ही दोघं हसलो. मग हळूच म्हणाला की ती डॉक्टरांची चाहूल लागताच केस सारखे करते आणि त्याला मात्र विचारते, तुम्ही कोण.

१४ जून
फायली तपासल्या. एकीचाही आरसा तिचा स्वतःचा नाही. सगळ्यांत तोच अर्धा जबडा, सोळा वर्षांपूर्वीचा. काकांना खोदून विचारलं. तो डॉक्टरांच्या बायकोचा. ती त्यांच्याच हातून ऑपरेशनच्या टेबलावर दगावली. धाकटीची फाइलही तशीच तयार आहे. मला भीती वाटते.

१६ जून
धाकटीचा खरा आरसा केला, पट्टी वाकवली. निर्जंतुक करायला जाणाऱ्या डब्यातली डॉक्टरांची पट्टी काढून माझी ठेवली. या कानाचं त्या कानाला कळलेलं नाही.

१७ जून
नऊ तास लागले. सुजलाय, पण चेहरा तिचाच. रडले.

१९ जून
शुद्धीवर आली. गळ्यात नळी, बोलता येत नाही, म्हणून पाटी दिली. वाटलं, ‘ताई’ लिहील.
तिनं लिहिलं, पट्टी कुणी बदलली?
मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही—
डॉक्टर मागेच उभे. वाचलं त्यांनी. रागावले नाहीत. मला बाहेर काढलं, दार लावलं. बाकावर बसून लिहितेय. काचेतून दिसतंय, ती पुन्हा काहीतरी—
पाटी त्यांच्याकडे वळवली.
‘आत कुणीतरी ताई ताई म्हणून रडतंय. तिला गप्प करा.’
ते हातमोजे घालतायत— दार आतून— धाकटे, मी इथेच आहे, मी