वरून तिसरं बटण

अण्णा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, म्हणून आता लिहिते. तुम्ही असताना लिहिलं असतं तर आधी लाल शाईनं माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले असते आणि मजकूर शेवटी वाचला असता. कागद बघून हसाल. परवाच्या प्रचारात दारात टाकलेली पत्रकं आहेत. पुढच्या बाजूला उमेदवार हात जोडून उभे, मागची बाजू कोरी. कोरा कागद मी फेकत नाही, एवढं एक तुम्हाला माझं आवडायचं.

आठवीचा वर्ग आहे. तुम्ही फळ्यावर संसद काढली आहे, एकावर एक दोन चौकोन. खालच्या चौकोनाला लोकसभा म्हणून नाव दिलंत आणि त्याला खालून पुष्कळ बाण काढलेत, एकेका मतदारसंघातून एकेक खासदार, लोकांनी सरळ निवडलेला, पाच वर्षांसाठी. वरच्या चौकोनाला बाण न काढता खडू माझ्याकडे रोखलात. ‘राज्यसभा कोण निवडतं?’ वर्गात मी तुमची मुलगी नव्हते, सर म्हणायची सक्ती होती. मी म्हटलं, ‘आपण, सर.’ ‘आपण म्हणजे कोण? तू आणि तुझी आई? जा, चुलीपुढं बसा दोघी आणि निवडा राज्यसभा.’ वर्ग हसला. तुम्ही हसू संपेपर्यंत थांबलात आणि मग फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर चार दिल्यात. राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, बारा जण राष्ट्रपती नेमतात, ते सभागृह कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा बदलतो. सगळं अजून पाठ आहे.

मॅट्रिकला मला चांगले गुण पडले. तुम्ही जेवायला बसला होता, आई तव्यावरची भाकरी उलटत होती. पाठ फिरवूनच ती म्हणाली, ‘पोरगी हुशार हाय. अकरावीला घालू की.’ तुम्ही भाकरी मोडता मोडता समजावून सांगितलंत, जसं वर्गात सांगायचात. ‘हे धन विधेयक झालं. पैशाच्या विधेयकावर राज्यसभेनं फक्त सूचना करायची आणि चौदा दिवसांत परत पाठवायचं. सूचना मानायची की नाही, ते लोकसभा ठरवते. तू या घरातली राज्यसभा.’ दादा खाली मान घालून हसला. आईला विधेयक कळलं नाही, तरी तिला उत्तर कळलं. तिनं तुम्हाला आणखी एक भाकरी वाढली. चौदा दिवसही पुरे झाले नाहीत, तुम्ही माझी सुपारी फोडून आलात.

मग पुष्कळ वर्षं गेली, आई गेली, काचबिंदूनं तुमचे डोळे गेले. लोकसभेची निवडणूक लागली आणि तुमचा निरोप आला, मतदानाला ये. अंध मतदाराला सोबती नेता येतो, मतदार सांगेल ते बटण सोबत्यानं दाबायचं. दादा म्हणाला, ‘अण्णा, मी हाय की घरात.’ तुम्ही म्हणालात, ‘तू पक्षाच्या गाडीत फिरतोस. तुझ्या हातात माझं मत नको. ही देवभोळी आहे, खोटं करणार नाही.’ माझं नाव सासरच्या यादीत, दोन्हीकडे मतदान एकाच दिवशी. म्हणजे माझं मत बुडणार. मी तसं म्हटलं. ‘तुझ्या मतानं काय अडलंय?’ तुम्ही विचारलंत, आणि मला तुळशीवर हात ठेवायला लावलात. ‘वरून तिसरं बटण. म्हण.’ मी म्हटलं, वरून तिसरं.

खरं सांगते, घरातून निघाले ती तिसरं दाबायलाच निघाले होते.

केंद्र तुमच्याच शाळेत, आणि खोलीसुद्धा आठवीची. फळा तोच होता. साहेबांनी मला फॉर्म दिला, मताची गुप्तता राखीन म्हणून सही घेतली. ‘कोण तुम्ही यांच्या?’ त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. ‘मुलगी. हिला यातलं काही कळत नाही, म्हणून तर आणली. सांगितलेलं बटण तेवढं दाबते.’ सगळी खोली हसली. तुम्ही हसू संपेपर्यंत थांबलात.

तुमचा हात धरून मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. तिसऱ्या बटणावरून बोट खाली नेलं, आणखी खाली, अगदी शेवटपर्यंत. वरीलपैकी कोणीही नाही. यंत्र वाजलं. आता मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी यंत्रात दिसते, तेव्हा तिथं दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी तुम्हाला काय. ‘तिसरंच ना?’ ‘व्हय, अण्णा.’ ते शेवटचं बटण म्हणजे नागरिकाचा पळपुटेपणा, असं तुम्ही पारावर सगळ्यांना ऐकवत होतात. तुमचं आयुष्यातलं शेवटचं मत तिथं गेलं. गुप्तता राखीन अशी सही केली होती, ती मी तुमच्यापासूनही राखली.

सासरी परतताना नेवाशाला उतरले, माऊलींच्या खांबाला डोकं टेकवलं. काही मागितलं नाही, काही सांगितलंही नाही.

तुमचा माणूस निवडून आला. मी तेव्हा माहेरी आलेले. तुम्ही अंगणात बसून येईल त्याला पेढा देत होता, ‘यात माझं एक मत आहे’ म्हणत होता. तुमच्या तळहातावर पेढा मी ठेवला. ‘माझ्या शब्दाबाहेर गेली नाही ती ही एकटी,’ तुम्ही म्हणालात. मी दुसरा पेढा ठेवला.

पावसाळ्यात तुम्हाला अर्धांगवायू झाला. वाचा जवळजवळ गेली. एका दुपारी मी चमच्यानं पेज भरवत होते, दादा शेतावर गेलेला. मी पदरानं तुमचं तोंड पुसलं, कानाशी वाकले आणि विचारलं, ‘राज्यसभा कोण निवडतं?’ तुम्ही खूप धडपडलात. जीभ वळत नव्हती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पेज हनुवटीवर आली. मी घाई केली नाही. शेवटी काहीतरी आवाज निघाला. मी म्हटलं, ‘चूक.’ उघड्या डोळ्यांनी तुम्ही माझ्या आवाजाकडे बघत राहिलात. चौथ्या दिवशी गेलात.

हा कागद कुठं जाणार नाही. पिठाच्या डब्याखाली घालीन, ओल धरते तिथं. तुळशीवरची शपथ मोडली त्याचं मला काही वाटत नाही, एकादशी मोडली असती तर जास्त वाटलं असतं. पण अण्णा, त्या दुपारी तुम्ही ‘आमदार’ म्हणाला होतात. मला नीट ऐकू आलं होतं.