पाकिटात बंद केलेली नोंद

ती. बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार.

माझं बरं चाललंय, जेवतेही वेळेवर. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

मानसशास्त्रातल्या एका जुन्या प्रयोगात, बंद खोलीत एकट्या बसवलेल्या बहुतेकांना सोबत कुणीतरी आहे असं वाटलं होतं. आम्ही तोच प्रयोग दोनशे जणांवर पुन्हा केला. कुणालाच काही वाटलं नाही.

काल आवरताना मी प्रयोगाच्या खोलीतल्या खुर्चीत बसले, आणि मला काहीतरी स्पष्ट ऐकू आलं. माझी नोंद धरता येत नाही, कारण प्रयोग कशाचा आहे ते मला आधीच ठाऊक होतं. तरी लिहून पाकीट चिकटवून ठेवलंय.

आई गेल्यापासून तुम्हाला घरात काही ऐकू येतं का? मी काय ऐकलं ते सांगत नाही, नाहीतर तुमचं उत्तर बिघडेल.

येत नसेल तर तसंच लिहा. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका.

तुमची,
चिमी