ओळख पटल्याशिवाय आत सोडू नये

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त तो मानेपुरताच घातला आहे. उरलेला प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन.) तुमचे गुडघे काय म्हणतात? दादाचा खोकला थांबला का? थांबला असेल तर हे पत्र त्याला एकदम वाचून दाखवू नका. हसताना त्याला ठसका लागतो, आणि मला हसताना तर फारच लागतो.

आम्ही इथे सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे कितपत, ते पुढे येईलच. तुम्ही फोनवर विचारलं होतंत की जागा मोठी म्हणजे केवढी. आता असं बघा, सकाळी मी मागच्या कुंपणाशी झाडांना पाणी घालत असतो, तेव्हा ही स्वयंपाकघरातून 'चहा झाला' म्हणून हाक मारते. ती हाक माझ्यापर्यंत आणि मी चहापर्यंत पोचेस्तोवर चहावर साय धरलेली असते. तुमच्याकडे पलीकडच्या घरात कोणी शिंकलं तर आपण भिंतीतूनच 'औषध घेतलंत का' विचारायचो. इथे शेजारचं घर पानं गळली की दिसतं, असं म्हणतात. अजून गळली नाहीत.

आणि याच शांततेसाठी तर आलो. दादा तेव्हा म्हणाला होता, 'अरे, माणसाला शेजार लागतो.' त्यावर मी, भर जेवणात, हातातला चमचा उगारून म्हणालो होतो की शेजार पुष्कळ झाला, आता मला अंतर हवंय. तुम्हाला आठवत असेल. (नसेल, तर कृपया आठवू नका.)

तर या वसाहतीला चहूबाजूंनी कुंपण आहे. पुढे भिंत, मागे तार, आणि आत यायला एकच फाटक. आल्या आल्या मी इथल्या लोकांच्या फोनवरच्या गटात सुरक्षिततेवर एक लांबलचक निवेदन टाकलं. त्याचा शेवट असा होता: 'ओळख पटल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये, मग तो स्वतःला कोणीही म्हणवून घेवो.' काय सांगू वहिनी, अंगठ्यांचा पाऊस पडला. माझ्या लेखनाला इतके अंगठे आजवर मिळाले नव्हते. (शाळेत एका निबंधाला गुरुजींचा मिळाला होता, पण तो कानाला.) ते वाक्य ठळक अक्षरात छापून फाटकावर लावलं गेलं. येता-जाता मी ते वाचत असे.

आता मुख्य हकिगत. गेल्या आठवड्यात सकाळी मागच्या तारेच्या एका फटीतून माळावरची शेळी आत शिरली. मी हौसेनं लावलेलं डाळिंबाचं रोप तिनं आधी खाल्लं, आणि मग तोंड पुसायला घ्यावा तसा दोरीवरचा माझा टॉवेल ओढून पळाली. मी मागे धावलो. (मी याआधी कधी धावलो होतो हे तुम्हाला किंवा दादाला ठाऊक असेल तर कळवावे. आमच्यात वाद चालू आहे.) शेळी तारेखालून गेली, म्हणून मीही गेलो. तिचं काही अडकलं नाही, माझा सदरा अडकला आणि मानेपासून खालपर्यंत उभा फाटला. तारेपलीकडे लगेच ओढ्याचा उतार. शेळी वळली, मी वळलो नाही. थेट गाळात जाऊन बसलो. एक चप्पल गाळानं ठेवून घेतली. पुन्हा वर चढायला गेलो, तर चढावं थोडं आणि घसरावं फार. हा प्रकार शेळी काठावर उभी राहून, टॉवेल चघळत, परीक्षेला आलेल्या साहेबासारखी बघत होती.

शेवटी कुंपणाला वळसा घालून पुढच्या फाटकानं जायचं ठरवलं. जाहिरातीत 'विस्तीर्ण' हा शब्द वाचून मी भाळलो होतो. त्या शब्दाचा खरा अर्थ एका चपलेवर चालल्याशिवाय कळत नाही.

फाटकावर नवा पहारेकरी होता. माणूस अत्यंत सभ्य. मला बघून तो म्हणाला, "बाबा, आज बागेतलं काम नाही. उद्या या." मी छाती काढून (पाठ उघडीच होती) सांगितलं, की मी इथला राहणारा आहे. त्यानं माझ्याकडे डोक्यापासून एकुलत्या चपलेपर्यंत पाहिलं आणि ओळखपत्र मागितलं. ते घरी. फोन? तोही घरी. मग त्यानं अगदी मायेनं विचारलं, "इथं तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का?"

वहिनी, प्रश्न केवढासा! पण मी उत्तर शोधतोय, शोधतोय आणि सापडेचना. अंतर हवं होतं ना, ते भरपूर मिळालं होतं. एक गाडी आत जाताना दिसली, मी हात केला. काळी काच खाली आली, आतल्या बाईंनी माझ्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला आणि काच वर गेली. (बिस्किटं खुसखुशीत होती. खोटं कशाला बोलू?) पहारेकऱ्यानं आमच्या घरी फोन लावून पाहिला, तर ही उचलेना. शेवटी त्यानं आमच्या शेजारच्या घरी लावला. तिथे एक निवृत्त डॉक्टरीणबाई राहतात. जन्मभर लोकांना भूल दिली, त्यामुळे आवाज शांत.

"दिसायला कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"चिखलाचे आहेत," पहारेकरी म्हणाला.

"मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही हो." मग त्या म्हणाल्या, "असं करा, त्यांना म्हणावं मोटार बंद करायला सांगा. रोज सकाळी सांगतात तसं."

इथे थोडा खुलासा करतो. पाण्याची टाकी भरून वाहू लागली की पंपाची मोटार बंद करायला मी कुंपणापासून हिला ओरडून सांगतो. ही आमच्या घरातली खासगी बाब आहे असा माझा समज होता. आधी मी सभ्य माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणून पाहिलं. फोनमधून उत्तर आलं, "छे, ते हे नव्हेत." मग मात्र मी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अगं ए! टाकी वाहतेय! मोटार बंद कर!"

झाडावरचे पक्षी उडाले. पहारेकरी मागे सरकला. आणि फोनमधून दोन बायकांचं हसू आलं. त्यातलं एक हसू माझ्या लग्नाच्या बायकोचं होतं. "हो हो, आमचेच आहेत. सोडा त्यांना," ही म्हणाली. ही तिथेच चहा पीत बसली होती! रोज जाते म्हणे. घरी आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणते, "मी 'चिखलाचे' ऐकूनच ओळखलं होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, खात्री करून घेऊ, नियम आहे."

एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगतो. 'आमचेच आहेत' हे शब्द ऐकले तेव्हा माझा गळा भरून आला होता. ओरडून बसलाय, असं मी हिला सांगितलं.

आता मी इथे प्रसिद्ध आहे. मुलंबाळं मला 'मोटारवाले आजोबा' म्हणतात. डॉक्टरीणबाई मला प्रत्यक्ष बघायला येऊन गेल्या आणि 'आवाजावरून उंच वाटला होतात' म्हणाल्या. बिस्किटवाल्या बाई मात्र मला आंघोळ केलेला ओळखत नाहीत. बाकी हवा उत्तम, झोप उत्तम. दादाला म्हणावं, मी अगदी मजेत आहे.

तुमचा आज्ञाधारक (जमेल तेव्हा) धाकटा दीर

ता. क. तुमच्या भिंतीला लागून असलेली खोली रिकामी होणार असं मध्ये बोलण्यात आलं होतं. ती गेली का? मला राहायला नव्हे, पुस्तकं ठेवायला हवी आहे. पुस्तकांबरोबर अधूनमधून कोणीतरी असावं लागतं, एवढंच. दादाजवळ बोलू नका.

आणखी ता. क. हिच्याजवळही बोलू नका. तिचा जीव इथे रमलाय. योग्य वेळ बघून मीच विषय काढीन.

जाऊबाई, पत्र पोस्टात टाकायला त्यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून मी वाचलं. खोली बघू नका. हल्ली हे रोज संध्याकाळी फाटकावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्पांत अडकवतात. पहारेकऱ्यानं कालच मला हात जोडून विनवलं, की जेवायला जरा लवकर हाक मारत जा. यांना खोली नकोय, दादा हवे आहेत, पण ते तसं मेले तरी लिहायचे नाहीत. तेव्हा तुम्ही दोघं महिनाभर राहायला या. दारात 'अचानक कसे काय?' असं विचारतील, तर मनावर घेऊ नका. परवाच बाजारातून दोन आरामखुर्च्या घेऊन आलेत. कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, "स्वस्त होत्या."

तुमची धाकटी जाऊ