पाहुण्याचा डावा हात

मुलींचे वसतिगृह, नागपूर
७ नोव्हेंबर १९९७

ति. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. आईने दिलेले सुके बोंबील मैत्रिणींनी पहिल्याच दिवशी फस्त केले, तेवढं तिला सांगू नका.

एक घोटाळा झाला. खाटेखालची पत्र्याची पेटी घरीच विसरले. रायनदादा डिसेंबरात कंपनीच्या कामाने इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवा. आईला मात्र उघडू देऊ नका, पुस्तकं आहेत म्हणा. आत माझा बोनसेट आहे, म्हणजे अभ्यासाची माणसाची हाडं. खरी आहेत. वरच्या वर्गातल्या सुझानकडून घेतली. जानेवारीत तोंडी परीक्षा, तेव्हा लागतीलच.

झोप जरा कमी आहे, जेवणही. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच तसं होतं म्हणतात. काळजी नसावी, माया असावी.

तुमची शर्लिन


गिरीज, १६ नोव्हेंबर

चि. शर्लिन हिस पप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच पेटी उघडली गेली. पुस्तकांना वाळवी लागेल म्हणून तुझ्या आईने ती उन्हात काढली, आणि झाकण उचलताच अशी किंकाळी फोडली की शेजारचा आत्माराम साप निघाला समजून कोयता घेऊन धावला. कवटी पाहून तो गडी ओट्यावरच बसला. मी हसलो. त्यानंतर या घरात कुणी फारसं हसलेलं नाही.

आता तुझी आई त्या सांगाड्याला पाहुणा म्हणते. त्याच्यापाशी मेणबत्ती लावते. नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेनंतर आपण आपल्या आज्या-पणज्यांची नावं घेतो. नावं संपली की तुझी आई माझ्याकडे बघते, याचं काय नाव घ्यायचं म्हणून. कुत्रं त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. खरं सांगू, मीही तिकडे पाठ करून बसत नाही.

तिचे प्रश्न तुलाच लिहितो. हा कुणाचा कोण? इथे आहे हे याच्या आईला ठाऊक होतं का? आणि एक माझा. सुट्टीभर तू खोली सोडून ओटीवर झोपलीस. रुमालसुद्धा न विसरणारी माझी पोर अख्खा माणूस कशी विसरली?

पत्र छोटं चालेल, खोटं नको. तब्येतीस जपावे.

तुझा पप्पा, बेनेडिक्ट


नागपूर, २४ नोव्हेंबर

ति. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

नाही विसरले. ठेवून आले.

त्याच्या डाव्या हाताच्या हाडावर, मनगटाच्या जरा वर, एक गाठ आहे. सरांनी ते हाड वर्गात फिरवलं. कधीतरी मोडलेलं, पण किती छान जुळलंय पाहा, म्हणाले. सगळे खूश, असा नमुना दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मला मात्र वेगळंच दिसलं. म्हणजे हा पडला होता. कुणीतरी त्याचा हात धरून बांधला. बरा होईपर्यंत कुणीतरी त्याच्या सदऱ्याची बटणं लावून दिली असतील. इतका जपलेला माणूस, आणि मी त्याला पायाने खाटेखाली सारते!

तेव्हापासून तो स्वप्नात येतो. करत काही नाही. खाटेच्या कडेला बसून नुसता तो हात चोळत राहतो. दिवसा मैत्रिणी जेवायला बसल्या की मला त्यांचे जबडे दिसतात. वेणी घालताना आरशात माझी स्वतःची कवटी दिसते. मला भीती वाटते, पप्पा.

आईला सांगा, नाव ठाऊक नाही. सुझानने तो तिच्या सीनियरकडून घेतला, तिने तिच्या सीनियरकडून. नाव कुणी कुणाला दिलंच नाही.

मला परत यायचंय. वसईला बी.एस्सी. करीन. पेटी पाठवू नका. पण ती नसली तर परीक्षेचं काय? माझं मलाच कळेनासं झालंय. तुम्ही ये म्हणा, मी निघते.

तुमची शर्लिन


गिरीज, ३ डिसेंबर

चि. शर्लिन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. गाठीपाशी आल्यावर तिने मला थांबवलं, कोणता हात ते विचारलं, आणि उठून पहिल्यांदाच पाहुण्याला हात लावला. गाठ चाचपून खूप रडली. मग म्हणाली, आता याला माती द्यायची.

फादर युजीन म्हणाले, नाव नाही, गाव नाही, धर्म ठाऊक नाही, दफनभूमीत कसा घेऊ? पण स्वतः वाडीत आले. केळींच्या मागे, नारळाखाली आम्ही खड्डा खणला. फादरांनी प्रार्थना म्हटली. आत्मारामने पणती लावली. म्हणाला, आमच्यातला असला तर त्याला परकं वाटायला नको.

सगळा पुरला, डाव्या हाताचं ते गाठीचं हाड सोडून. ते आईने ठेवून घेतलं. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. अर्धवट माणूस मातीत घालून घरादाराची झोप उडवायची आहे का, असं मी विचारलं. ती बधली नाही. आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ते हाड रायनबरोबर पाठवते आहे. तिचा निरोप असा: बाकीची हाडं मैत्रिणींच्या पेटीतून शीक. हे जवळ ठेव. ज्याने ते बांधलं, त्याचंच काम शिकायला तू गेलीस. डॉक्टर झालीस की पाहुण्याचा हात पाहुण्याला आणून दे. तोवर तो थांबेल.

मी तुला ये म्हणणारच होतो. आजही म्हणतो. उद्या आलीस तर हात पुरू आणि कुणी अवाक्षर काढणार नाही. पण पोरी, हात पुरला म्हणून तुझ्या डोळ्यांपुढून तो जाईल, याची खात्री मला देता येत नाही.

तू ठरव. दार उघडं आहे.

तुझा पप्पा


नागपूर, १४ डिसेंबर

ति. पप्पांस व आईस,
शि. सा. न. वि. वि.

पुडकं मिळालं. उघडायचा धीर होईना. शेवटी लुगड्याला आईचा वास येत होता, म्हणून सोडलं.

मी इथेच राहते. जबडे अजून दिसतात, झोप अजून अर्धीच आहे. पण परवा शेजारच्या खाटेवरच्या अश्लेषाला ताप भरला. तिच्या कपाळावर हात ठेवला, तर हाताखाली कवटी नव्हती. कपाळ होतं, चटका बसेल इतकं गरम. मी तशीच तिच्यापाशी बसून राहिले.

काल तो पुन्हा आला. खाटेच्या कडेला बसला. चोळायला डावा हात नव्हता, म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं की हात माझ्यापाशी आहे, नीट ठेवलाय, पण थांबावं लागेल. तो गेला नाही. तिथेच बसून राहिला, आणि मी कूस वळून झोपले.

पप्पा, नारळाखालच्या त्या जागेवर केळ लावू नका. ती पुन्हा उकरायची आहे.

लोभ आहेच, तो आता आम्हा दोघांवर असू द्यावा.

तुमची शर्लिन