खांड बुजवायची की नाय

१२ सप्टेंबर

पौर्णिमेपासून लिहायचं ढकलतोय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर चार्जर हरवला, तो शोधताना शाळेतला कंपास सापडला, त्यात अर्धा दिवस गेला. खरं म्हणजे लिहायचीच शिसारी येतेय.

झालं ते असं — उधाणात खाडीचा बांध फुटला. खांड पडली ती नेमकी हौसाकाकीच्या शेताच्या तोंडाशी. भरतीला खारं पाणी आत, ओहोटीला बाहेर. भात पोटरीत आलेलं! आमच्याकडे रीत आहे, बांध फुटला की घरटी एक गडी फावडा घेऊन जातो. कुणी बोलवावं लागत नाय. या वेळी बांधावर कुणीच गेलं नाय. सगळे सभेला जाणार म्हणे!

१३ सप्टेंबर

सभा देवळाच्या ओट्यावर. मधोमध बाबाजी. कंपनीला माणसं पुरवतो, म्हणून अर्ध्या गावाचे गेटपास त्याच्या खिशात. आमच्या कान्हूदादाचाही.

"फायदा-तोटा बघा रं. बांध बांधाल तर शिफ्टा बुडतील. नाय बांधलात तर आयतं तळं! कोलंबी सोडू, घरटी हिस्सा."

माना हलल्या. ओट्याखाली हौसाकाकी उभी होती. नवरा गेला, घरात एकटी. म्हणाली, "तुमची कोलंबी, नि माझं भात जातंय त्याचं काय? विहिरीत खारं उतरलं तर मी काय पिऊ?"

बाबाजी हसला. "काकी, रीत ठाव हाय ना? गडी पाठव, मग बोल."

आणि लोक हसले! दादापण. घरी कोलंबीचंच कालवण होतं. ताट सारलं.

१४ सप्टेंबर

रोह्याला पळालो. एस्टी दिसली, चढलो. तिथं जवळच अष्टमी गावात माझ्या दोस्ताचं, शाहिदचं दुकान आहे, मोबाईलच्या काचा बदलतो. कतारला राहून आलाय, त्यामुळे सगळं विचार करून करतो. म्हणाला, "कागदावर मधी रेघ मार. इकडं फायदा, तिकडं तोटा. जिकडं भारी, तिकडं चल. मी असाच परत आलो, भाई."

तेवढ्यात एक बाई आली. नातवाने फोन पेजेत टाकलेला! शाहिद टूथब्रशने शितं काढत बसला. ते बघण्यात रेघ राहूनच गेली.

१५ सप्टेंबर

रेघ मारली. काकीच्या घरचा गडी म्हणून मी बांधावर उभा राहिलो तर? तोटा — दादाचा गेटपास जाणार, वहिनी बोलणार, गाव हसणार, एकट्याने खांड बुजणार नाय. फायदा — काकीचं शेत. एकच ओळ!

म्हणजे बाबाजीचंच गणित बरोबर. थू!

मग कळलं. शेत माझं नाय म्हणून एक ओळ. काकीने लिहिलं असतं तर पान पुरलं नसतं. पण तिला पान देतंय कोण? फाडलं आणि फेकलं.

१७ सप्टेंबर

गावी आलो. सध्या भांगाचे दिवस, उधाण ओसरलेलं, भरतीला जोर नाय. टाकलेली माती टिकली तर आत्ताच. अमावास्येचं उधाण आलं की खांड एवढी होईल की कुणाच्या बापाला बुजवता येणार नाय.

दादाला सांगितलं, काकीच्या घरचा गडी मी.

"तुझं काय जातंय रं? तू आज पेण, उद्या रोहा. घर मी चालवतोय."

खरं आहे. तेच तर वाईट. वहिनीने भांडी आपटली. फावडा दादाचाच उचलला.

१८ सप्टेंबर

ओहोटीभर चिखल टाकला. मी आणि काकी. मला शिव्या देत होती — "फावडा धरलायस का पंखा?" बांधावरून पोरं ओरडली, "व्हिडिओ काढ रं!" बाबाजी मोटारसायकल थांबवून म्हणाला, "कान्हूला सांग, उद्या गेटवर येऊ नको."

भरती आली आणि टाकलेलं निम्मं घेऊन गेली. दादा माझ्याशी बोलत नाय. किळस येते सगळ्यांची. पहिली माझी — हातात फावडा असतानाही मनात रेघच मारत होतो, इकडं फायदा, तिकडं तोटा!

१९ सप्टेंबर

वही कमरेला खोचून आणली. दम खायला बसलो म्हणून लिहितोय. बांधावरून कुणीतरी बाई येतेय, डोक्यावर टोपली. काकी एकदम उठली — "अगो बाय, सीताबाई!"

बाबाजीची आई! दहा पावलांवर धाप लागते तिला. मागून बाबाजी ओरडत येतोय, "आये, घरा चल गो! लोक काय म्हनतील?" तिने वळूनही बघितलं नाय. टोपली माझ्यापुढे ठेवली, पदर खोचला.

"आमच्या घरचं मानूस आलं. भर रं."